लांजेवारचं पारायण

वरच्या पोस्टवर जायचा हुकूम आला तेव्हा माझी मुलगी जाऊन दोन महिने झाले होते. करुणा तिचं नाव. अजून चालायला लागली नव्हती. ताप आला आणि उतरलाच नाही. मी ड्युटीवर होतो. दुर्ग स्टेशनवर उतरलो तेव्हा सासऱ्यांनी न बोलता माझ्या हातातली बॅग घेतली, त्यावरून मला कळलं. मातीला मी पोचलो नाही.

पोस्ट कुठे होती ते सांगणार नाही. उत्तरेला, बर्फात, एवढं पुरे. मी सिग्नलचा माणूस, रेडिओ ऑपरेटर, तेव्हा हुद्द्यानं नायक होतो. एका पायदळ पलटणीच्या कंपनीला जोडलेला. आता रिटायर होऊन भिलाईत स्मृति नगरला राहतो. आमच्या चर्चचे पास्टर किती दिवसांपासून मागे लागलेत, बनसोड भाऊ, एकदा उभे राहून साक्ष द्या, देवानं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. साक्ष मला जमत नाही. ती देणाऱ्यांचा आवाज चढतो, मागे कोणीतरी गिटार वाजवतं, आणि मला उगाच अवघडल्यासारखं होतं. फौजेनं मला रिपोर्ट द्यायला शिकवलं. काय झालं, कोण होतं, पुढे काय. तोच लिहून देतो. लिहिताना शाळेतली मराठी येते, ती चालवून घ्या. बोलतो मी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरातलीच.

माझे आजोबा नागपूरकडचे. मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते, तिथेच विश्वासात आले. वडील रेल्वेत गार्ड. म्हणजे मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. जेवणाआधी प्रार्थना, झोपण्याआधी प्रार्थना, हे मला दात घासण्याइतकं अंगवळणी होतं. करुणा गेली आणि माझं ते थांबलं. ठरवून नाही. तोंडच उघडेना.

माझ्या बायकोचं, रूथचं, थांबलं नाही. सकाळी चहा ठेवायच्या आधी ती गुडघ्यावर बसायची. मला राग यायचा. एका सकाळी मी बोललोच.

"कोणासंग बोलून राहिली तू? कोणी ऐकून राहिलं का तिकडं?"

"ऐकून राहिला," ती म्हणाली.

"मंग जवाब कावून देत नाई?"

ती उठली आणि तिनं गॅस पेटवला. सुटी संपली तेव्हा तिनं माझ्या किटमध्ये शास्त्रातल्या प्रभूच्या चरित्राचं छोटं मराठी पुस्तक ठेवलं. मी पाहिलं आणि किट बंद केली.

युनिटमध्ये मराठी बोलणारे बरेच होते, साताऱ्याचे, सांगलीचे. पण 'का' ला 'कावून' म्हणणारे दोघंच. एक मी, दुसरा लान्स नायक मनोहर लांजेवार. तोही ऑपरेटर, दुर्गला लागून असलेल्या भिलाईचा, सेक्टर १० चा. त्याचं मूळ गाव साकोलीकडचं, वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला. आम्ही बोलायला लागलो की सातारकर हसायचे. लांजेवार त्यांना म्हणायचा, तुमची मराठी रेडिओवरची आहे, आमची घरातली. गडी गोष्टीवेल्हाळ होता. एकदा सुरू झाला की सुभेदार साहेबांनी दटावल्याशिवाय बंद व्हायचा नाही. पुढे हीच खोड कामी आली.

वर जाताना मी किट हलकी केली. ते पुस्तक काढून खालच्या कंपनी बेसवर लांजेवारच्या खाटेवर ठेवलं.

"हे नेत नाई का?" त्यानं विचारलं.

"वजन होते."

त्यानं पुस्तक हातात तोललं. एक पाव चहापत्तीएवढंही वजन नव्हतं. कपाळाला लावून त्यानं ते उशाशी ठेवलं. कुठलंही धर्माचं पुस्तक तो आधी कपाळाला लावायचा. त्याच्या घरी दर श्रावणात पोथी लागायची, त्या घरचा तो.

पोस्टवर फायबरची एक हट होती. चौघं राहायचो. माझं काम सेट सांभाळायचं. दर तासाला बेसवरून लांजेवार बोलवायचा, "किलो फॉर किलो वन, रिपोर्ट माय सिग्नल्स, ओव्हर." किलो म्हणजे बेस, किलो वन म्हणजे आम्ही, आणि माझा आवाज तुला कसा येतोय ते सांग. मी म्हणायचो, "किलो वन, ओके, ओव्हर." झालं. बाकी वेळ बर्फ उकरायचा, बुखारी पेटती ठेवायची, पहारा द्यायचा. बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी. तिचा पाइप छतातून वर जातो. महिनाभर असंच चाललं. मी कोणाशी फार बोलत नव्हतो, आणि तिथे ते कोणाला खटकलंही नाही.

त्या दिवशी दोघं राशन आणायला खाली गेले होते. हटमध्ये मी आणि करमसिंग, हरियाणाचा शिपाई, अंगानं मोठा, बोलायला कमी. दुपारचा चहा झाला. करमसिंग चहाचे मग पुसत होता. मी सेटजवळ होतो. आधी कानांवर दाब आला, मग बर्फ कोसळल्याचा आवाज. पुढचं मला नीट आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा काळोख होता. छत वाकून खाटांवर टेकलं होतं, त्याच्या खाली जेमतेम बसता येईल एवढी जागा उरली होती. करमसिंगचा पाय रॅकखाली अडकला होता. बुखारी विझली होती. वर किती बर्फ आहे ते कळायला मार्ग नव्हता. मी चाचपडत सेट शोधला. त्याचा छोटा हिरवा दिवा चालू होता. तेवढा प्रकाश आम्हाला पुष्कळ वाटला.

हँडसेट चेपला होता. त्याच्यावरचं बोलायचं बटण, त्याला आम्ही प्रेसल म्हणतो, ते तुटलं होतं. तारा सोलून जोडून पाहिल्या. पण सेटच्या बाजूचं सॉकेटच फुटलं होतं. म्हणजे मला पाठवता येणार नव्हतं. येतंय की नाही ते अजून माहीत नव्हतं. मी छोट्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि थांबलो.

"किलो फॉर किलो वन, रिपोर्ट माय सिग्नल्स, ओव्हर."

लांजेवार. स्वच्छ, अगदी जवळून बोलल्यासारखा. मी ओरडलो, ओके ओव्हर, ओके ओव्हर, आम्ही जिवंत आहोत. बटण तुटलंय हे माहीत असून ओरडलो. तिकडे त्यानं नियमाप्रमाणे वाट पाहिली. मग म्हणाला, "नथिंग हर्ड. आऊट."

काही ऐकू आलं नाही. ऑपरेटर दिवसातून कितीदा तरी हे वाक्य म्हणतो. त्या दिवशी ते ऐकून मी परत त्या तारा सॉकेटवर दाबून पाहिल्या.

थोड्या वेळानं त्यानं परत बोलावलं. मग परत. मग कंपनीच्या मेजर साहेबांचा आवाज मागून आला, "सेंड ब्लाइंड." कधीकधी समोरच्याचं ऐकणं चालू असतं आणि बोलणं बंद. अशा वेळी जवाबाची वाट न पाहता निरोप पाठवत राहायचं, प्रत्येक निरोप दोनदा. लांजेवारनं पाठवला. "किलो वन, आंधी चल रही है। मौसम खुलते ही रेस्क्यू कॉलम निकलेगा। बुखारी मत जलाना। पाइप का रास्ता खुला रखो, डंडे से साफ करते रहो। सोना मत।"

करमसिंगच्या हातात तेव्हा काडेपेटी होती. त्याचे दात वाजत होते आणि तो बुखारीकडे सरकत होता. त्या बंद जागेत ती पेटली असती तर धुरानं आम्ही दोघं झोपेतच संपलो असतो. निरोप ऐकून त्यानं काडेपेटी माझ्याकडे दिली. पाइप वाकला होता, पण पार बंद झाला नव्हता. बुखारीचं झाकण काढून मी आतून तंबूची काठी खुपसली. वरून बर्फाचा भुगा पडला आणि मागोमाग बारीक गार हवा आली. रॅक उचलून करमसिंगचा पाय काढायला बराच वेळ लागला. पाय मोडला होता. खायला शक्करपाऱ्यांचा एक डबा हाताला लागला. प्यायला बर्फ.

हुकूम होता तासाला एकदा निरोप पाठवायचा. लांजेवारचं तेवढ्यानं भागेना. निरोप संपला की तो मराठीत सुरू व्हायचा.

"बनसोड, ऐकत असशील तर ऐक बे. आज राशनवाले खाली आले, तुमच्या वाट्याची अंडी आमी खाल्ली." मग सेक्टर १० च्या बाजारातला समोसेवाला, वडिलांच्या शिफ्ट, भावाचं लग्न कुठे अडलं ते. करमसिंगला मी हिंदीत सांगायचो. तो म्हणायचा, इसको बोल, अंडे वाली बात याद रखूँगा. बटण तुटलंय हे तो सारखा विसरायचा. मीही विसरायचो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गोष्टी संपल्या. वादळ चालूच होतं, त्याच्या आवाजामागे मला ते ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "बनसोड, तुझं पुस्तक हाय माझ्यापाशी. वयनीनं देल्लं ते. वाचतो. हात धुतले. बूट काढून बसलो, पाय गार पडून राहिले. काही चुकलं तर तुझ्या देवाले सांग, पोट्टा नवा आहे."

आता आमच्या लोकांत कोणी आजारी असलं, संकटात असलं, की धीराचे वेचे वाचतात. ते सगळ्यांना पाठ असतात. लांजेवारला हे माहीत नव्हतं. त्याच्या घरी पोथी मधून उघडत नाहीत. पहिल्या पानापासून लावायची आणि लावली की संपेपर्यंत सोडायची नाही. त्यानं पहिलं पान उघडलं. त्या पानावर वंशावळ आहे. बापाचं नाव, मुलाचं नाव, मग त्याच्या मुलाचं. नुसती नावं, आणि ती यहुदी. मी जन्मापासून ख्रिस्ती, पण ते पान कधी वाचलं नव्हतं. आम्ही सगळे ते उलटून पुढे जातो.

लांजेवार एक नाव सोडायला तयार नव्हता. अडखळला की मागे जायचा, परत म्हणायचा. मध्येच म्हणाला, "हे काय आहे बे बनसोड? तुमच्यातले लोक गंज अवघड नावं ठेवतात. आमच्या गावचा भाटही एवढ्या पिढ्या नाई सांगत." आणि परत सुरू.

"क्या बोल रहा है?" करमसिंगनं विचारलं.

"नाम हैं. बाप-बेटे के."

"किसके?"

"मेरे भगवान के खानदान के."

करमसिंगनं थोडा विचार केला. "तो पढ़ने दे," तो म्हणाला.

मी हसलो. करुणा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडू आलं आणि करमसिंगनं अंधारात तोंड फिरवलं. तो गरीब माणूस, त्याला वाटलं मी घाबरलो. मी घाबरलो नव्हतो. त्या यादीत किती माणसं होती. प्रत्येकानं कशाची तरी वाट पाहिली असणार, प्रत्येकानं हाका मारल्या असणार. बहुतेक जण काही न पाहताच मेले. कोणाची लेकरं मेली असतील. तरी धागा तुटला नाही, पुढचं नाव आलं, मग त्याच्या पुढचं. एक हिंदू मुलगा बूट काढून मला हे वाचून दाखवत होता, आणि ऐकायला कोणी आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. मी जिवंत आहे हेच माहीत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. थंडीचा काटा वेगळा असतो, तो मला तोवर चांगला माहीत झाला होता.

तो वाचत गेला. रेडिओच्या नेटवर दुसऱ्या पोस्टचे निरोप आले की थांबायचा, मग परत. मी मधल्या मधल्या वेळात सेट बंद ठेवून बॅटरी वाचवायला हवी होती. माझ्याच्यानं झालं नाही. पुस्तकात होडीतलं वादळ आलं तेव्हा तो थांबला.

"बनसोड, तुझा देव झोपला होता बे होडीत. लोक बोंबलून राहिले, अन् हा झोपला." पान उलटल्याचा आवाज आला. "मंग उठला पण. तूही उठजो."

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो. घरी मी रूथला विचारलं होतं, ऐकणारा आहे तर जवाब का नाही. आणि इथे बर्फाखाली ऐकणारा मी होतो. एकेक शब्द ऐकत होतो. जवाब देत होतो, ओरडून देत होतो, घसा फुटेस्तोवर. तिकडे मात्र नथिंग हर्ड. तिकडून पाहिलं तर मी नव्हतोच. मेलेला, किंवा पाठ फिरवलेला. आणि माझ्या मनात त्या पोराबद्दल माया सोडून दुसरं काही नव्हतं. जो गप्प असतो त्याच्या बाजूला मी पहिल्यांदा बसलो होतो. तिथून हे असं दिसतं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. मी त्या काळोखात प्रार्थना केली. शब्द फारसे नव्हते. इतकंच म्हटलं की, माझं तुला ऐकू येत होतं तर. करुणाबद्दल विचारलं नाही. ते अजूनही मला कळलेलं नाही, आणि कळल्याचं मी सांगत फिरत नाही.

संध्याकाळच्या सुमाराला तो शेवटच्या भागात पोचला. प्रभूला पकडण्याआधीची रात्र, बाग, बरोबरच्यांना जागं राहा म्हणून सांगितलेलं आणि ते झोपलेले. लांजेवारचा घसा तोवर पार गेला होता. शब्द नीट फुटत नव्हते. "हे सगळे झोपले बे," एवढं तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि त्यानंतर मला वाचन ऐकू आलं नाही. दुसऱ्या एका ऑपरेटरनं तासाचा निरोप दिला.

बेसवर काय झालं ते मला नंतर कंपनीच्या क्लार्कनं सांगितलं. मेजर साहेबांनी लांजेवारला दोनदा झोपायला जायला सांगितलं. दुसऱ्यांदा चिडून सांगितलं. तेव्हा त्यानं पुस्तक पुढे धरलं आणि म्हणाला, साहब, पारायण लगा दिया है, बीच में नहीं छोड़ सकते. साहेब पंजाबी, त्यांना पारायण काय कळणार. पण त्यांनी परत सांगितलं नाही. मग सकाळी हवामान उघडलं, आम्हाला शोधायचा कॉलम निघाला, आणि कॉलमबरोबर सेट घेऊन कोण जाणार हे विचारायच्या आधीच लांजेवार सेट पाठीवर बांधून उभा होता. आवाज नसलेला ऑपरेटर कोणी नेत नाही. त्याला नेलं.

दुपारी आमच्या डोक्यावर फावड्यांचे आवाज आले. आधी करमसिंगला काढलं, मग मला. उजेडानं डोळे उघडेनात. कोणीतरी मला स्ट्रेचरवर बांधत होतं आणि कोणीतरी माझ्या तोंडाशी तोंड आणून कुजबुजत होतं. लांजेवार. ओठ फाटलेले, डोळे लाल.

"आलं होतं का बे?"

"सगळं," मी म्हटलं. "पहिल्या नावापासून."

तो खाली बसला.

"तुले माहीत होतं, मी ऐकून राहिलो?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही म्हणून. "कुठलं माहीत? साहेबाईनं तर कवाच आशा सोडली होती. मीबी दोनदा सोडली." मग दम घेऊन म्हणाला, "पण तू ऐकत असता, अन् मी गप बसलो असतो, तं?"

माझं त्याच्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. मला खाली न्यायला सुरुवात झाली. लांजेवार मागे थांबून सेट आणि अँटेना आवरत होता. आम्ही नाल्याच्या पलीकडे गेलो तेव्हा उतारावरच्या बर्फाचा एक तुकडा सुटला. मोठा नव्हता. रांगेत शेवटी तो होता. तो एकटाच त्याखाली गेला. कॉलमनं दोन्ही स्ट्रेचर खाली ठेवले आणि सगळे परत वर धावले. मी बांधलेला होतो, मला मान वळवता येत नव्हती. त्याला काढलं त्याच संध्याकाळी. उशीर झाला होता.

हॉस्पिटलमध्ये माझी पायाची तीन बोटं काढली, बर्फानं काळी पडलेली. मी देवाशी भांडलो. त्याला म्हटलं, मला काढलंस आणि त्याला घेतलंस, हा कसला न्याय. वर्षभर भांडलो. पण एक फरक पडला होता. आता मी भांडत होतो त्याच्याशी. गप्प नव्हतो. रूथ उशाशी बसलेली असायची. मी तिला सगळं सांगितलं, बटण, नावं, होडी. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, भांडा, पण बंद नका करू. ती त्या दिवसांत घरी होती, तिला आमची खबर उशिरा मिळाली. बर्फ पडला त्या दिवशीही ती सकाळी गुडघ्यावर बसली होती, रोजच्यासारखी. तिला विशेष काही जाणवलं नव्हतं. हे तिनं मला खरं खरं सांगितलं याचं मला बरं वाटलं.

काठी घेऊन चालायला लागलो तेव्हा सेक्टर १० ला गेलो. क्वार्टर आता लांजेवारच्या भावाच्या नावावर होता. वडील दारात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत हाक मारली. लांजेवारची आई आली. मी तिला माय म्हणतो, पहिल्या दिवसापासून. फौजेनं पाठवलेल्या सामानात ते पुस्तक होतं. तिनं ते देव्हाऱ्याच्या बाजूला, लाल कपड्यात ठेवलं होतं.

मी तिला सांगितलं, तुझ्या मुलानं काय केलं. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "म्हंजे पारायण अर्धंच राह्यलं त्याचं?"

"हाव माय."

"असं नाई ठेवत. तू पुरं कर."

मी म्हटलं, मले नाई जमणार. तसलं पुस्तक हातात घेतलं की मला त्याचा आवाज यायचा, मी घरी रूथचं उघडून पाहिलं होतं, दोन ओळींच्या पुढे जाता येत नव्हतं. माय म्हणाली, मंग अडखळत वाच, त्याले कुठं येत होतं.

पास्टरांना विचारलं. माय उदबत्ती लावणार, पदर डोक्यावर घेणार, पुस्तकाला हळदकुंकू लावते म्हणाली तर काय करू. पास्टरांनी मला बसवलं. मग म्हणाले, हळदकुंकवाचं प्रेमानं नाही म्हणा, बाकी वाचा. तसं केलं. मायनं ऐकलं. ती आजही तिच्या देवांना दिवा लावते, आणि मी तिला काही सांगायला गेलो नाही. मला सांगायला तिचा मुलगा आला होता.

मी सुटीवर असलो की दर रविवारी चर्च सुटल्यावर मी आणि रूथ सेक्टर १० ला जायचो. तो थांबला होता त्या बागेपासून मी सुरुवात केली. पहिल्या रविवारी जेमतेम एक पान झालं. काही रविवारी तेवढंही नाही, नुसताच बसून चहा पिऊन आलो. माझी नोकरी संपत आली होती, सुट्या मिळतील तसं वाचायचो, बाकी वेळी रूथ एकटी जाऊन मायजवळ बसायची. तिनं वाचावं म्हटलं तर माय नको म्हणायची. ज्यानं ऐकलं त्यानंच पुरं करायचं. क्रूस आला, तो वाचताना वडील उठून बाहेर गेले. सकाळी बाया कबरीकडे जातात ते आलं, तेव्हा ते परत येऊन बसले. पुस्तक जाड नाही, पण मला पुरं करायला वर्षं लागली. रिटायर होऊन इथे आलो तेव्हा थोडं उरलं होतं. अर्ध्यात सोडावं असं खूपदा वाटलं. तो गेला, कोणासाठी वाचायचं, असंही वाटलं. मग त्याचं ते बोलणं आठवायचं आणि मी स्कूटर काढायचो.

शेवटचं पान गेल्या हिवाळ्यात झालं. मायनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. भावाची मुलं बाहेर खेळायला पळाली. वडील आता नाहीत. खोलीत माय, मी आणि रूथ. माय पुस्तक परत लाल कपड्यात बांधत होती, आणि बांधता बांधता तिनं विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आवाज बसला होता म्हणत त्याचा. मंग वर चढून राहिला होता तवा काही नाई ऐकलं तू?"

हे मी फक्त रूथला सांगितलं होतं. मायला सांगायची हिंमत झाली नव्हती.

"ऐकलं," मी म्हटलं. "बोलता येत नव्हतं त्याले. चढता चढता नुसतं बटण दाबे. त्याचा दम ऐकू ये मले. सोडे, मंग परत दाबे. जसा जसा जवळ आला, तसा तसा मोठा होत गेला. फावडे लागेपर्यंत."

माय गाठ मारायची थांबली.

"दमला होता का रे?"

"हाव माय. गंज दमला होता."

"थांबला कुठं?"

"नाई. थांबला नाई."

ती खाली बसली, माझ्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "कसा दम घे?" तिनं विचारलं. "करून दाखव."

मी रूथकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि घेतला, जसा ऐकला होता तसा. पाठीवर सेट, समोर चढ, तोंडानं ओढलेला लांब श्वास, मध्ये अडकलेला, मग सोडलेला, आणि परत. मायनं हात माझ्या छातीवर ठेवला. तिचेही डोळे मिटलेले होते. किती वेळ केलं मला माहीत नाही. मला रडू येऊन माझाच श्वास तुटला तेव्हा मी थांबलो.

"अजून," माय म्हणाली.

मी परत सुरू केलं.